'बिरीव्हड' ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ व त्याचें मूळ

एका खेडेगांवच्या मंडळींत काम करणाऱ्या उपदेशक बंधूंनीं आम्हांकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या मंडळींतील एका कुटुंबांत गेल्या पावसाळ्यांत नऊ वर्षांचा मुलगा तापानें वारला. मुलाच्या बापाचा एक जुना स्नेही परमुलखीं असतो. त्याच्याकडून सांत्वनाचें इंग्रजी पत्र आलें, आणि तें वाचून त्याचा अर्थ सांगण्याचें काम उपदेशकांकडे आलें. बाकीचें पत्र त्यांना समजलें. परंतु आईबापांस उद्देशून त्यांत 'बिरीव्हड' असा एक शब्द होता, तेथें ते अडले. मागाहून शाळेंतील कोश उघडून पाहिला, तेव्हां त्यांत 'वंचित', 'विरहित', 'हिरावून घेतलेला' असे तीन अर्थ सांपडले. ह्यांपैकीं कोणता घ्यावा, असें ते विचारितात, आणि पुढें लिहितात कीं, "त्या वेळीं मीं 'दुःखी' असें सांगून वेळ मारून नेली, परंतु तेव्हांपासून मनाला रुखरुख लागून राहिली आहे."

अशा ठिकाणीं आम्हीं स्वतः पुष्कळदां वेळ मारून नेली आहे, म्हणून उपदेशकांस दोष देण्यास आमची जीभ उचलत नाहीं. 'दुःखी' हा अर्थ खोटा आहे असेंही नाहीं. परंतु दुःखी म्हणजे ज्याला दुःख झालें तो. आणि बिरीव्हड म्हणजे, मुळाकडे पाहिलें तर, ज्याला कोणीं लुटलें तो. ह्या दोहोंत अंतर आहे, आणि तें अंतर समजून घेतल्यास मरण आलेल्या घरीं समाचारास जाणाऱ्याला त्याचा उपयोग होईल असें वाटल्यावरून आम्ही हा विषय आज थोडा विस्तारानें घेत आहों.

ह्या शब्दाचे दोन तुकडे आहेत. मागचा तुकडा 'रीव्ह', म्हणजे लुटणें. पुढचा 'बि', जुन्या इंग्रजींत 'बे', हा उपसर्ग असून तो क्रियेस जोर आणितो. सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत 'रेआफियन' म्हणजे लुटणें, आणि 'बेरेआफियन' म्हणजे पुरतें लुटून घेणें. ह्याच कुळांतलें 'रेआफ' हें नाम पाहण्याजोगें आहे. त्याचा एक अर्थ लूट असा, आणि दुसरा अर्थ वस्त्र असा! आजच्या वाचकास हें विचित्र वाटेल, परंतु त्या काळच्या लढाईची रीत ध्यानांत आणिली म्हणजे कोडें उलगडतें. शत्रु पडला कीं त्याच्या अंगावरचें चिलखत व कपडे काढून घ्यावयाचे, हीच लढवय्याची मिळकत. कापड हातानें कांतून हातानें विणावें लागे. एक चांगला झगा म्हणजे कोणाच्या तरी कित्येक महिन्यांचे श्रम. तेव्हां लूट म्हटली कीं पहिल्यानें डोळ्यांपुढें वस्त्रच येई.

ह्याच मुळापासून फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजींत आणखी दोन शब्द आले: 'रॉब' म्हणजे लुटणें, आणि 'रोब' म्हणजे झगा. न्यायाधीश, पदवीधर आणि कित्येक पाळक जो झगा मोठ्या गांभीर्यानें अंगावर घालतात, त्याचें नांव मुळांत लुटीच्या मालाचें आहे, हें त्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. गोमंतकांत १५१० पासून १९६१ पर्यंत ज्यांचा अंमल होता त्या पोर्तुगीजांच्या भाषेंतही 'रोउबार' म्हणजे लुटणें आणि 'रोउपा' म्हणजे कपडे, असे हे दोन शब्द शेजारीं शेजारीं आजही नांदत आहेत.

परंतु परभाषेंत फार दूर जावयास नको. आपल्या मराठींत कर्जबाजारी कुणबी काय म्हणतो? "सावकारानें मला नागविलें." नागविणें म्हणजे नागवें करणें, आणि तेंच लुटणें. वस्त्र काढून घेणें आणि लुटणें ह्या दोन गोष्टी जशा जुन्या इंग्रजांनीं एका शब्दांत बांधल्या, तशाच आपल्या वाडवडिलांनींही बांधल्या. आणि हें एकमेकांस न विचारतां! मूळ धात्वर्थाकडे पाहिलें तर 'बिरीव्हड' ह्याला 'नागवलेला' ह्याहून जवळचा मराठी शब्द आम्हांस तरी सुचत नाहीं. तो त्या आईबापांपुढें उच्चारतां येणार नाहीं, ही गोष्ट निराळी.

कित्येक भाषापंडित हा संबंध ह्याहूनही मागें नेतात. संस्कृतांत 'लुप्' ह्या धातूचा अर्थ तोडणें, हिसकावणें असा आहे. आपले 'लोप' व 'लुप्त' हे शब्द त्याचेच, आणि 'लोप्त्र' म्हणजे चोरीचा माल. हा लुप् आणि इंग्रजी 'रीव्ह' हीं एकाच पुरातन मुळाचीं अपत्यें होत, असें त्या पंडितांचें मत आहे. आपला 'लूट' हा शब्द तर इंग्रजांनीं ह्या देशांत आल्यावर हिंदींतून उचलून आपल्या कोशांत जसाच्या तसा घालून घेतला. ज्या उद्योगांत ते गुंतले होते त्याला देशी शब्दच अधिक शोभेल असें त्यांस वाटलें असावें.

येथें एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे, कारण ती पुष्कळ इंग्रजी पुस्तकांतून फिरत असते. इंग्लंड व स्कॉटलंड ह्यांच्या सरहद्दीवर तेराव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत 'रीव्हर' नांवाचे लुटारू होते. रात्रीं घोड्यांवरून यावें, गुरें हांकून न्यावीं, आणि अडविणाऱ्यास ठार करावें, हा त्यांचा क्रम. १६०३ सालीं दोन्ही राज्यें एका राजाखालीं आल्यावर त्यांचा बीमोड झाला. ह्या रीव्हर लोकांनीं ज्यांचीं माणसें मारिलीं त्यांना लोक 'बिरीव्हड' म्हणूं लागले, आणि तेथून हा शब्द निघाला, असें सांगण्यांत येतें. गोष्ट ऐकावयास चांगली आहे, पण खरी नाहीं. शब्द त्या लुटारूंच्या कित्येक शतकें आधींचा आहे. ते आणि तो एका कुळांतले, इतकेंच खरें.

आतां हा शब्द पवित्र शास्त्रांत कसा आला तें पाहूं. उत्पत्तीच्या ४२ व्या अध्यायांत याकोबाचे मुलगे मिसर देशाहून धान्य घेऊन परत येतात. दहा गेले होते, नऊ आले. शिमोनाला तेथें अडकवून ठेविलें होतें. आतां बन्यामिनालाही पाठवा असें ते म्हणतात, तेव्हां म्हातारा याकोब कळवळून त्यांना म्हणतो कीं, तुम्हीं मला माझ्या मुलांविषयीं... आणि येथें १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत 'बिरीव्हड' हा शब्द आहे. त्याच्या पन्नास वर्षें आधीं, १५६० सालीं, जिनीव्हा शहरीं जें इंग्रजी शास्त्र छापलें त्यांत ह्याच ठिकाणीं साधा 'रॉब्ड', म्हणजे लुटलेलें, हा शब्द घातला होता. दोन्ही भाषांतरकारांस एकच गोष्ट सांगावयाची होती.

वाचकहो, ह्या ठिकाणीं थोडें थांबून तो प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. याकोब हे शब्द कोणापुढें बोलत आहे? ज्यांनीं योसेफाला विकलें त्यांच्याच पुढें. विकण्यापूर्वीं त्यांनीं पहिली गोष्ट कोणती केली? त्याच्या अंगांतला पायघोळ झगा काढून घेतला. मग तो बकऱ्याच्या रक्तांत बुडवून बापाकडे पाठविला, आणि बापानें तो ओळखून, आपला मुलगा हिंस्र पशूनें खाल्ला असा निष्कर्ष काढिला. लूट आणि वस्त्र हे ज्या शब्दाचे दोन अर्थ, त्या शब्दाची जणूं काय ही साक्षात् कथाच आहे. रानांतल्या पशूनें आपणांस निःसंतान केलें असें बाप इतकीं वर्षें मानीत होता, आणि आतां दुःखाच्या भरांत "तुम्हीं" असें म्हणून गेला. त्याला संशय होता कीं नव्हता, ह्याविषयीं टीकाकारांत मतभेद आहे. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, त्या नऊ जणांपैकीं बहुतेकांस तो शब्द अक्षरशः लागू होता आणि त्यांना तें ठाऊक होतें. रऊबेन तेवढा योसेफाला वांचवूं पाहत होता. परंतु खोटा झगा दाखविला गेला तेव्हां तोही गप्पच राहिला.

मूळ इब्री भाषेंत ज्याचीं पिलें किंवा मुलें गेलीं त्याच्यासाठीं 'शक्कूल' असा स्वतंत्र शब्द आहे. पिलें नाहींशीं झालेल्या अस्वलीची उपमा जुन्या करारांत तीन ठिकाणीं आली आहे: २ शमुवेल १७:८, नीतिसूत्रें १७:१२ आणि होशेय १३:८. इब्री शब्द तिन्ही ठिकाणीं तोच. परंतु १६११ च्या भाषांतरकारांनीं पहिल्या दोन ठिकाणीं 'लुटलेली' असा अर्थ दिला, आणि तिसऱ्या ठिकाणीं 'बिरीव्हड' हा शब्द घातला. ह्यावरून त्या काळच्या इंग्रजी कानाला हे दोन शब्द किती जवळचे वाटत होते हें दिसून येतें. (पिलें गेलेल्या अस्वलीला 'दुःखी' म्हणणारा मनुष्य तिच्या वाटेस कधीं गेला नसावा.)

ह्याहूनही जुना एक दाखला आहे, आणि तो सांगितल्यावांचून पुढें जाणें आमच्यानें होत नाहीं. चवथ्या शतकांत गॉथ नांवाच्या लढाऊ लोकांमध्यें वुल्फिला हा बिशप होऊन गेला. त्याचे पूर्वज गॉथ नव्हते. ते कप्पदुकियांतले ख्रिस्ती असून गॉथांनीं एका धाडींत त्यांना धरून नेलें होतें. लुटून नेलेल्या त्या कुटुंबाच्या वंशजानें लुटणाऱ्यांची भाषा शिकून, तिच्यासाठीं लिपि तयार करून, तींत पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. राजांचीं पुस्तकें मात्र त्यानें वगळलीं असें एक जुना इतिहासकार लिहितो. कारण ह्या लोकांना लढाईचा नाद आधींच पुष्कळ होता, त्यांना उत्तेजन कशाला द्यावें! लूकाच्या १० व्या अध्यायांतला, यरुशलेमाहून यरीहोस जाणारा जो मनुष्य चोरांच्या हातीं सांपडला, त्याचे कपडे त्यांनीं काढून घेतले हें सांगण्यासाठीं वुल्फिलानें 'बिरौबोन' हें क्रियापद वापरिलें. तें आमच्या इंग्रजी 'बिरीव्ह' ह्याचेंच गॉथिक भावंड होय. म्हणजे ह्या कुळांतला शब्द सोळाशें वर्षांपूर्वीं शास्त्रांत आला तो शोक करणाऱ्यासाठीं नव्हे. वाटेवर वस्त्रें हिरावून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूसाठीं आला.

ह्या भाषांतराची सर्वांत प्रसिद्ध प्रत जांभळ्या रंगाच्या चर्मपत्रांवर रुपेरी व सोनेरी शाईनें लिहिलेली आहे. ती सहाव्या शतकाच्या आरंभीं इटलींत तयार झाली असें विद्वान् मानितात. तिच्या मूळच्या ३३६ पानांपैकीं १८८ उरलीं आहेत. हा ग्रंथही लुटीचा माल आहे. १६४८ सालीं स्वीडनच्या सैन्यानें प्राग शहर लुटलें तेव्हां तो राजवाड्यांतून उचलून नेला, आणि पुढें विकतघेत १६६९ सालीं तो स्वीडनमधील उप्साला येथील विद्यापीठास मिळाला. तेथें तो आज आहे. आणि त्यांतील लूकाच्या शुभवर्तमानाचा पहिला भाग कोठें तुटतो? १० व्या अध्यायाच्या ३० व्या वचनाशीं. त्यापुढचीं पानें गहाळ झालीं आहेत. मनुष्य लुटला गेला, त्याला मार बसला, आणि पान संपलें. याजक, लेवी, शोमरोनी, ह्यांपैकीं कोणीच त्या प्रतींत अद्याप वाटेवर आलेला नाहीं.

असो. इंग्रजींत हा शब्द पुढें हळूहळू अरुंद होत गेला. आरंभीं घर, धन, राज्य, कांहींही लुटलें तरी तो चाले. सतराव्या शतकाच्या मध्यापासून त्याचा ओढा ज्यांना हात लावतां येत नाहीं अशा गोष्टींकडे, म्हणजे आयुष्य, आशा, प्रियजन ह्यांकडे होऊं लागला. मग त्याचीं दोन रूपें एकमेकांपासून वेगळीं झालीं. ज्याचें माणूस मेलें तो 'बिरीव्हड'. आणि ज्याच्याकडून आशा, बुद्धि, आधार असें कांहीं गेलें तो 'बिरेफ्ट'. १८८१ सालच्या सुधारलेल्या इंग्रजी नव्या करारांत १ तीमथ्य ६:५ येथें सत्य गमावलेल्या लोकांस हें दुसरें रूप लाविलें आहे. आज विलायतेंत पहिलें रूप कायद्यांतही जाऊन बसलें आहे. १८ वर्षांखालील मूल गमावलेल्या नोकरदार आईबापांस दोन आठवड्यांची रजा देणारा कायदा तेथें २०१८ सालीं झाला व एप्रिल २०२० पासून अंमलांत आला. त्याच्या नांवांतच हा शब्द आहे. परंतु रजेचा अर्ज भरणाऱ्या किती जणांना आपण 'लुटलेला' असें लिहीत आहों हें ठाऊक असेल? शब्द राहिला, आणि लुटारूचा विसर पडला.

आतां आपले शब्द घेऊं. विधवा, अनाथ, निराधार, निपुत्रिक: हे पुष्कळसे शब्द 'वि', 'अ', 'नि' अशा अभावदर्शक अक्षरांनीं आरंभ होतात. काय नाहीं तेवढें ते सांगतात. नाथ नाहीं तो अनाथ. आधार नाहीं तो निराधार. तें कसें गेलें, कोणीं नेलें, हें त्यांत नाहीं.

त्यांपैकीं 'विधवा' हा शब्द मात्र ह्या रांगेंत चुकून बसला आहे. 'धव' म्हणजे नवरा, आणि तो जिला नाहीं ती वि-धवा, अशी फोड आपले जुने निरुक्तकार करीत आले. आधुनिक भाषापंडितांचें म्हणणें उलट आहे. विधवा हा शब्दच आधींचा; तो न समजल्यामुळें लोकांनीं त्याचे दोन तुकडे पाडिले आणि 'धव' हा शब्द मागाहून त्यांतून काढिला. इंग्रजी 'विडो', लॅटिन 'विदुआ' आणि आपली 'विधवा' ह्या तिघी सख्ख्या बहिणी आहेत, आणि त्यांच्या मुळांत वेगळें होणें, ताटातूट होणें, असा अर्थ आहे. नवरा नसलेली, असा त्याचा मूळ अर्थ नव्हे. जिची ताटातूट झाली ती, असा होय. त्याचप्रमाणें ग्रीक 'ओर्फानोस', ज्यापासून अनाथ मुलासाठीं इंग्रजी 'ऑर्फन' शब्द झाला, आणि आपला 'अर्भक' हे एका मुळाचे आहेत. ग्रीकांनीं त्याचा अर्थ पोरकें मूल असा केला. आपल्याकडे तो नुसतें तान्हें मूल इतकाच राहिला.

आणि कोशांतला तो 'वंचित'? हल्लीं ज्याला हक्काची वस्तु मिळत नाहीं तो वंचित, असा अर्थ आपण करितों. परंतु संस्कृतांत वंचित म्हणजे फसविलेला. वंचना, प्रवंचना हे त्याचेच सोबती. म्हणजे ह्या शब्दामागेंही कोणी तरी उभा आहे, इंग्रजींत लुटारू तर आपल्याकडे ठक, आणि त्यालाही आपण विसरलों आहों.

येथें कोणी विचारील, आणि समाचाराच्या घरीं तर हटकून विचारील, "लुटलें म्हणतां, तर लुटणारा कोण?" ह्या प्रश्नाचें उत्तर शब्द देत नाहीं. ईयोबाच्या पहिल्या अध्यायांत एकामागून एक चार निरोपे येतात. शबाई लोकांनीं बैल व गाढवें नेलीं; आकाशांतून अग्नि पडून मेंढरें जळालीं; खास्दी लोकांनीं उंट नेले; आणि रानांतून वादळ येऊन घर मुलांवर कोसळलें. ह्यांत दोन ठिकाणीं लुटारू आहेत, दोन ठिकाणीं नाहींत. आणि मुलें गेलीं तीं जेथें लुटारू नव्हता त्या ठिकाणीं. त्याचे तीन मित्र आले व सात दिवस जमिनीवर मुकाट्यानें बसून राहिले. त्या सात दिवसांबद्दल आम्हांस त्यांचा आदर वाटतो. मग ते बोलूं लागले. आणि लुटारूची ती मोकळी जागा त्यांना सहन होईना, म्हणून तींत त्यांनीं ईयोबालाच नेऊन बसविलें: तुझेंच कांहीं पाप असेल.

आपल्या गांवांतून ह्या मित्रांना आजही तोटा नाहीं. लग्नानंतर लवकर नवरा वारला तर त्या मुलीला काय म्हणतात? "पांढऱ्या पायाची." "आली आणि नवऱ्याला खाऊन बसली." जिला लुटलें तिलाच लुटारू ठरवावयाचें! आणि शिक्षा कोणती? कपाळाचें कुंकूं पुसा, हातांतल्या बांगड्या फोडा, मंगळसूत्र तोडा, जोडवीं काढा. पूर्वीं वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत डोक्याचे केंसही काढीत, आणि तांबडें आलवण नेसवीत. जुन्या इंग्रजींत लूट आणि वस्त्र ह्यांना एकच शब्द कां होता हें ज्याला नीट समजलें नसेल, त्यानें हा देखावा आठवावा. मरणानें नवरा नेला. बाकीचें जें अंगावरून उतरविलें तें मरणानें नव्हे, घरच्या माणसांनीं व आळीच्या बायकांनीं उतरविलें. आमच्या मंडळींतून हें सर्व नाहींसें झालें आहे, असें लिहावयास आम्हांस आवडलें असतें. पण कित्येक ख्रिस्ती घरांतही विधवा सून लग्नाच्या वेळीं मागच्या खोलींत बसविली जाते, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

पंडिता रमाबाईंना ह्या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागला नसता. दुष्काळांत आईबाप व बहीण गेलीं, पुढें भाऊ गेला, १८८२ सालीं पति गेले, आणि १९२१ सालीं, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन काढिलें तें विधवांच्या शिक्षणासाठीं. त्यांच्या कार्याची हकीकत वाचकांस ठाऊक आहे, म्हणून येथें वाढवीत नाहीं.

परंतु अगदीं अलीकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळ तालुक्यांत हेरवाड नांवाचा गांव आहे. मे २०२२ मध्यें त्या गांवच्या ग्रामपंचायतीनें, नवरा वारल्यावर कुंकूं पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें ह्या चाली आपल्या गांवांत बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यांत राज्य शासनाच्या ग्रामविकास विभागानें परिपत्रक काढून दुसऱ्या ग्रामपंचायतींनीं हेरवाडचा कित्ता घ्यावा असें कळविलें. हा ठराव कोणा मिशनानें केला नाहीं, गांवानें केला. ज्या गांवीं तो अद्याप झाला नसेल, तेथील ग्रामसभेंत आपल्या मंडळींपैकीं कोणी तो विषय काढण्यास हरकत कोणती? ग्रामसभेंत बोलण्याचा अधिकार प्रत्येक मतदारास आहे.

आतां उपदेशक बंधूंच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. कोशांतले तीन शब्द त्यांच्यापुढें आहेत. 'विरहित' नको, तो नुसता अभाव सांगतो, आणि त्या आईच्या घरीं अभाव नाहीं, कोपऱ्यांत दप्तर आहे, खुंटीवर सदरा आहे. 'वंचित' नको; तो आतां सरकारी कागदांतला झाला आहे. 'नागवलेले' हें मुळाला धरून असलें तरी शोकाच्या घरीं कानाला टोंचेल. राहिला 'हिरावून घेतलेला'. तो घ्यावा, पण वाक्य फिरवून: "ज्यांचें लेकरूं हिरावलें गेलें अशा तुम्हां दोघांस." कोणीं हिरावलें तें ह्या वाक्यांत येत नाहीं, तसें तें इंग्रजींतही येत नाहीं. ती जागा मोकळी आहे ती मोकळीच ठेवावी. बापानें विचारलें तर आपणांस ठाऊक नाहीं असें सांगावें.

आणखी एक. पौल थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रांत, २:१७ येथें, त्या मंडळीपासून आपली ताटातूट झाली हें सांगतांना जें ग्रीक क्रियापद वापरितो तें वर सांगितलेल्या 'ओर्फानोस' ह्यापासून झालें आहे: आम्ही तुमच्यावांचून पोरके झालों, असा त्याचा भाव. १८८१ च्या इंग्रजी भाषांतरांत तेथें 'बिरीव्हड' हाच शब्द घातला आहे. थोडें वर, ११ व्या वचनांत, पौल स्वतःला त्यांचा बाप म्हणवितो. आणि लेंकरांवांचून बाप पोरका झाला असें म्हणण्यास तो कचरत नाहीं. मूल गेलेल्या आईबापांसाठीं मराठींत नित्याच्या वापरांतला एक शब्द नाहीं, इंग्रजींतही नाहीं. तेव्हां तुमच्या गांवच्या त्या बापानें किंवा आईनें बोलतां बोलतां "आम्ही पोरके झालों" असें म्हटलें, तर तो शब्द मुलांनीं वापरावयाचा, आईबापांनीं नव्हे, अशी दुरुस्ती कोणी करूं नये.

पत्र अजून त्यांच्या घरीं असेलच. उपदेशकांनीं सवड काढून एका संध्याकाळीं जावें, वेळ मारून नेली होती असें सांगावें, आणि तें पुन्हां वाचून दाखवावें.